निळ्या रंगाचं वय

"कितवा दसरा?"

गोडाऊनच्या दारात कोणीही माल मागायला आलं की मामा एक बोट वर करून आधी हा प्रश्न विचारायचे. डाइंग खात्याचा माणूस हातात चिठ्ठी घेऊन उभा असायचा. त्याला हवा असायचा निळ्या रंगाचा एक ड्रम. मामा म्हणायचे, "निळा हाय की. येकानं तीन दसरं बगितल्यात, दोगांनी येक बगितलाय, आनि चार अजून कोरं हायत. तुमाला कुटला?" नवा माणूस बावचळून जायचा. मग मामा स्वतःच आत जायचे, तीन दसरे बघितलेला ड्रम तिरका करायचे आणि काठावर गोल फिरवत दारापर्यंत आणायचे. "आदी म्हाताऱ्याला वाट द्या," असं म्हणत चिठ्ठीवर सही करायचे.

तुम्ही कुठल्याही कारखान्यात चार दिवस काढले असतील तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो, मालकापेक्षा त्याचा रुबाब जास्त असतो आणि त्याच्यावाचून पान हलत नाही. आमचा कारखाना टॉवेलचा, सोलापूरच्या एमआयडीसीतला. मामा तिथल्या रंग-रसायनांच्या गोडाऊनचे स्टोअरकीपर. सत्तावीस वर्षं त्यांनी ते एकच दार सांभाळलं. मालकांपासून कँटीनच्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या नावाचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, आणि त्यात माझा हात आहे.

मी तिथे कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मामांनी मला परत पाठवलं होतं. मला मोजणीसाठी आत जायचं होतं, आणि माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. मी चिडून ऑफिसात आले तर अकाउंटंट हसत म्हणाले, "अहो, ते मालकांच्या मुलाला सोडत नाहीत." ते खरंच होतं. मालकांचा मुलगा परदेशातून शिकून आला आणि टॉवेल मऊ करायच्या सॉफ्टनरचा एक कॅन मागायला गोडाऊनवर गेला. मामा म्हणाले, "चिट्टी?" मुलगा म्हणाला, "मामा, मला ओळखलं नाही का?" मामा म्हणाले, "वळकतो की. तुमच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. चिट्टी आना." त्याला चिठ्ठी आणावी लागली.

गोडगोड माणूस नव्हते मामा, हेही सांगून ठेवते. हमालांवर खेकसायचे. डाइंग मास्तरांशी त्यांचं उभं वैर होतं. मास्तरांना नेहमी नुकता आलेला ताजा ड्रम हवा असायचा आणि मामा तो देत नसत. ताजा ड्रम पाठीमागे उभा असायचा आणि मामा त्याच्यावर टेकून सांगायचे, "नवा न्हाय." मास्तर बोट दाखवायचे. मामा मागे वळूनही बघत नसत. "त्यो? त्यो अजून लहान हाय," म्हणायचे. मास्तर पाय आपटत जायचे आणि मामा दिवसभर खुशीत असायचे.

आता दसऱ्याचं काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची, हत्यारांची पूजा होते, तशी गोडाऊनचीही व्हायची. पूजेच्या आधी दोन दिवस मामा सगळं गोडाऊन उपसायचे. ड्रम, पोती, कॅन, सगळं बाहेर अंगणात. मग झाडलोट, भिंतीच्या कडेने वाळवीची पावडर, फरशी धुणं. माल परत आत लावताना मामा एका वाटीत गेरू कालवून दारात उभे राहायचे. आत जाणाऱ्या प्रत्येक ड्रमवर बोटाने एक आडवा पट्टा ओढायचे. त्या ड्रमवर आधीचे दोन पट्टे असले तर त्यांच्या खाली तिसरा. सगळ्यांत जास्त पट्टे असलेले ड्रम दाराजवळ, कोरे भिंतीशी. वर्षभर कोणीही, अगदी निरक्षर हमालानेही, ड्रमकडे नुसतं बघितलं तरी त्याचं वय कळायचं. ही पद्धत त्यांच्या आधीच्या स्टोअरकीपरची की त्यांची स्वतःची, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रंगाला वय असतं हे मलाही त्यांनीच सांगितलं. टॉवेलला लागणारा रंग भुकटी असताना दिसायला वर्षानुवर्षं तसाच दिसतो, पण आतून त्याची सुताला धरायची ताकद कमी होत जाते. त्यात आमच्या गोडाऊनला वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मामा त्या दोन महिन्यांत खिडक्यांना बाहेरून गोणपाट बांधायचे आणि दिवसातून चार वेळा स्वतः बादली घेऊन ते भिजवायचे. "मानसाला पंका लागतो, ह्येला कोन बगनार," म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर पंखा नव्हता.

मग कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. पुण्याहून दोन मुलं आली, आठ दिवस राहिली, आणि मला शिकवून गेली. त्यात एक रिपोर्ट होता, माल किती दिवसांचा झाला ते दाखवणारा. नव्वद दिवसांच्या आतला माल हिरवा, वर्षापर्यंतचा पिवळा, वर्षाच्या पुढचा लाल. मी मोठ्या हौसेने त्याची पहिली प्रत काढून मामांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून ती उभी धरली, आडवी धरली. "म्हंजे माजंच काम हाय की ह्ये," म्हणाले. "फकस्त गेरू न्हाय." मला त्या वेळी हसू आलं होतं.

पहिला दसरा आला. गोडाऊन उपसून परत भरलं गेलं, आणि आता ते सगळं कम्प्युटरमध्येही करायचं होतं, कारण प्रत्येक ड्रमची जागा बदलली होती. एका रॅकवरून माल काढला आणि दुसऱ्या रॅकवर ठेवला अशी नोंद करायची. ती नोंद करताना खाली एक छोटी चौकट यायची: मालाची मूळ तारीख कायम ठेवायची का. तिथे खूण केली की प्रत्येक ओळीची जुनी तारीख हाताने भरावी लागायची. तीनशे बारा ओळी होत्या. सणाचा आदला दिवस होता, घरी मुलगी दीड वर्षाची होती आणि सासूबाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता. मी खूण केली नाही. एका नोंदीत सगळं गोडाऊन रिकामं केलं, दुसऱ्या नोंदीत भरलं, आणि पाच वाजता घरी गेले.

झालं एवढंच. सॉफ्टवेअरने सगळ्या मालाला त्या दिवसाची तारीख लावली. चार वर्षांचा निळा आणि चार दिवसांचा पिवळा एकाच दिवशी जन्मल्यासारखे झाले. आणि एकदा सोपं जमलं म्हटल्यावर पुढच्या वर्षीही मी तेच केलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आमच्या गोडाऊनमधला माल कम्प्युटरच्या हिशेबाने कधी वर्षाचा होतच नव्हता. रिपोर्टमध्ये लाल रंग उमटला नाही. मालक खूश, ऑफिस खूश, आणि माझी पगारवाढ झाली.

मामांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा चिठ्ठ्या द्यायला ऑफिसात आले असताना त्यांनी माझ्या पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"ताई, ह्यात म्हातारं येक बी न्हाय."

"काय मामा?"

"समदी बाळंच दिसतात. तितं माज्याकडं चार-चार पट्ट्याचं हायत, आनि हितं त्येंचं दुधाचं दात पडल्यालं न्हाईत."

"बघते मामा," मी म्हटलं.

मी बघितलंही. चूक कुठे झाली ते मला दोन मिनिटांत सापडलं. पण तीन वर्षांच्या नोंदी उलगडायच्या तर आधी कोणाला तरी सांगावं लागणार होतं की त्या मी चुकवल्या. मी पडद्यावरचा तो रिपोर्ट बंद केला. मनाशी म्हटलं, गोडाऊनमध्ये गेरूचे पट्टे आहेत, मामा आहेत, जुना माल आधी जातोच आहे. कम्प्युटर काहीही म्हणो, काम अडत नाही. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी तरी नव्हतं.

पुढच्या वर्षी नवे मॅनेजर आले. परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती, म्हणून त्यांनी सगळीकडे रंगरंगोटी सुरू केली. गोडाऊनमध्ये येऊन ते ड्रमसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय आहे? गोडाऊन आहे का देऊळ?" मामांनी समजावून सांगितलं. साहेबांनी अर्धवट ऐकलं. "पुसून टाका हे," म्हणाले. "प्रत्येक ड्रमला बारकोड लावा."

मामा म्हणाले, "सायब, ह्यी वयं हायत त्येंची."

"वय सिस्टिममध्ये आहे," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आहे ना मॅडम?"

मी वही छातीशी धरून उभी होते. मामा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, हो म्हणून.

दोन दिवस चार हमाल फडकी घेऊन पट्टे पुसत होते. गेरू तसा लगेच निघतो. स्टिकर लावताना ड्रम इकडचे तिकडे झाले, दाराजवळचे भिंतीशी गेले, भिंतीशी असलेले मधे आले. मामा स्टुलावर बसून होते. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, कोणावर खेकसले नाहीत, आणि त्यावरूनच हमाल एकमेकांकडे बघायला लागले. सत्तावीस वर्षांत मामांनी चिठ्ठीशिवाय कोणाला आत सोडलं नव्हतं. त्या दिवशी सगळे चिठ्ठीशिवाय आत होते.

त्यानंतर मामांना कोणत्या ड्रमचं वय काय हे ओळखता येईना. काहींची ओळख पटायची, एखाद्याला पोचा होता, एखाद्याचं झाकण बदललेलं होतं. निळ्याचे मात्र सगळे ड्रम सारखे होते. महिन्याभराने गडद निळ्या टॉवेलची मोठी ऑर्डर लागली तेव्हा मामा स्वतः ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. असे ते कधी येत नसत.

"ताई, निळ्याचं आदी लॅबमदी बगाय सांगा. त्यात दोन-तीन लई जुनं हायत. कुटलं ते मला बी आता सांगता येत न्हाय."

मी साहेबांकडे गेले. तेवढं मात्र केलं. म्हटलं, "सर, मामा म्हणतात निळा रंग जुना आहे, लॅबमध्ये बघावा." साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय आहे? लाल आहे?"

"नाही सर."

"मग?"

तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं. रिपोर्ट चुकीचा आहे, माझ्यामुळे आहे, एवढंच. साहेब पुन्हा फोनवर बोलायला लागले होते. मी बाहेर आले आणि मामांना सांगितलं की सांगितलंय साहेबांना. निळा रंग त्याच दुपारी डाइंगला गेला.

टॉवेल परत आले. गिऱ्हाइकाच्या देशात कोणीतरी ते पांढऱ्या कपड्यांबरोबर धुतले होते. एक खोका उघडून साहेबांनी टॉवेल बादलीत बुडवला तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. पाणी निळं झालं, दुसऱ्या पाण्यातही निळं झालं, आणि चौथ्या पाण्यातही ते थांबलं नाही.

चौकशी झाली. तीन खुर्च्या मांडल्या होत्या, मामा उभे होते, आणि कोपऱ्यात मी लिहून घ्यायला बसले होते. फाईलमध्ये सगळ्यात वर माझा रिपोर्ट होता. त्या रिपोर्टप्रमाणे निळा रंग जेमतेम पाच महिन्यांचा होता. आता गंमत बघा. रंग जुना असता तर जुना रंग वापरायला दिला कोणी, असा प्रश्न आला असता, आणि तो साहेबांपर्यंत गेला असता. पण कागदावर रंग तरुण होता. तरुण रंग मेला, म्हणजे सांभाळणाऱ्याने मारला. इतका सरळ हिशेब होता तो.

"गोडाऊनच्या खिडक्यांना ओली पोती कोण लावत होतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मामा म्हणाले.

"म्हणजे आत ओलावा जात होता."

"भाईरनं लावायचो, सायब. उनासाटी. रंगाला ऊन लागू नये म्हनून."

"ओली होती की नव्हती?"

"हुती."

मी लिहिलं: स्टोअरकीपरने गोडाऊनमध्ये ओलावा निर्माण केला. शब्द साहेबांचे, अक्षर माझं. एप्रिल-मेच्या उन्हात बादली घेऊन फिरणारा तो माणूस मी वर्षानुवर्षं खिडकीतून बघितला होता, आणि मी ते लिहिलं.

"रंग जुना हुता, सायब," मामा शेवटी म्हणाले. "मी सांगितलं हुतं."

"कोणाला सांगितलं होतं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझं पेन कागदावर होतं आणि पुढे सरकत नव्हतं. साहेब खाली फाईल चाळत होते. फोनवर हात ठेवून आपण काय ऐकलं होतं ते त्यांना आठवत होतं की नव्हतं, देव जाणे.

"ध्येनात न्हाय," मामा म्हणाले.

तेही मी लिहून घेतलं.

त्यांना काढून टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. जाताना जो दाखला दिला त्यात लिहिलं होतं: साठवणुकीत हलगर्जीपणा. आता तुम्हीच सांगा, स्टोअरकीपरला असा दाखला घेऊन कोण दारात उभं करेल? एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत ते गेले. दोन्हीकडून आमच्या साहेबांना फोन आला आणि साहेबांनी दाखल्यातलंच वाचून दाखवलं.

पंधरा दिवसांनी मामा मला गेटवर भेटायला आले. कुंभारीला त्यांचं घर, तिथून सायकलवर आले होते. शर्टाच्या खिशाला नेहमीची दोन पेनं होती. कमरेला किल्ल्या नव्हत्या, आणि त्यांचा डावा हात सारखा तिथे जात होता.

"ताई, येक चिट्टी लिवून द्या," म्हणाले. "तुमच्या हातानं. की माल जुना हाय असं मी आदीच सांगितलं हुतं. बाकी काय नगं. ती दाखवली की कुटं तरी घेतील."

मी मागे वळून ऑफिसच्या खिडकीकडे बघितलं.

"तितं मी तुमचं नाव घेतलं न्हाय," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण विनवणीही नव्हती त्यात. "आता तुमी माजं घ्या की."

"बघते मामा," मी म्हटलं. माझ्या तोंडात दुसरे शब्दच नव्हते बहुधा.

आणि ऐका, मी ती चिठ्ठी लिहिली. त्याच संध्याकाळी लिहिली. वर तारीख घातली. कम्प्युटरमधल्या तारखा दर दसऱ्याला माझ्या नोंदीमुळे बदलत होत्या, रंग प्रत्यक्षात चार वर्षांहून जुना होता, स्टोअरकीपरने तोंडी सूचना दिली होती आणि ती मी साहेबांना सांगितली होती, असं सगळं स्पष्ट लिहिलं. खाली सही केली. घडी घालून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, उद्या देऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटलं, ही चिठ्ठी एखाद्या कारखान्यातून फिरून साहेबांच्याच टेबलावर येईल. नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती. मुलीची शाळा सुरू व्हायची होती. मी ड्रॉवरला किल्ली लावली. मामा आणखी दोनदा गेटवर आले. एकदा मी मीटिंगमध्ये आहे असं वॉचमनकडून कळवलं, आणि एकदा खरंच मीटिंगमध्ये होते. त्यानंतर ते आले नाहीत.

त्याच सुमारास मी रिपोर्ट दुरुस्त केला. कोणी सांगितलं नव्हतं. जुनी बिलं काढून एकेका ओळीची खरी तारीख भरली. सहा दिवस लागले. सातव्या दिवशी रिपोर्ट काढला तर निम्मं पान लाल झालं. साहेबांनी तो मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "मॅडमनी सिस्टिम साफ केली, म्हणून हा जुना माल आपल्याला आज दिसतोय." टाळ्या वाजल्या. मी वाट बघत होते की आता कोणीतरी विचारेल, मग परत आलेल्या टॉवेलांचा निळा किती जुना होता? अकाउंटंट होते, डाइंग मास्तर होते. मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. कोणी विचारलं नाही. मला स्टोअर विभागाची प्रमुख केलं. आता गोडाऊनच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.

मामांची खबर मधेमधे ड्रायव्हरकडून लागायची. सांगोल्याकडे त्यांची बहीण होती. तिच्या ओळखीने एका डाळिंबाच्या शेडवर राखणदार म्हणून लागले होते. "बसून असतात ओ," ड्रायव्हर म्हणाला. "डाळिंबं निवडायच्यात म्हनून मदतीला उठलं, तर शेडवाला म्हनला, तुमी मालाला हात लावू नका. कुनीतरी त्येच्या कानावर घातलंय." मी त्याला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणतात का. तो म्हणाला नाही.

या उन्हाळ्यात मामा गेले. शेडवरच छातीत दुखायला लागलं, पंढरपूरला दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. कारखान्यात ही बातमी चहाच्या वेळी आली आणि चहाबरोबर संपली. नव्या मुलांपैकी एकाने विचारलं, "कोण मामा?"

तेरावा होऊन गेल्यावर मी कुंभारीला गेले. ड्रॉवरची किल्ली काढली, चिठ्ठी पर्समध्ये टाकली. निघताना मनात आलं होतं की तारीख बदलून नवी प्रत काढावी. पाच मिनिटांचं काम होतं, आणि तारखा बदलण्यात माझा हात बसलेला आहे. ते मात्र केलं नाही. तेवढी लाज कुठून तरी शिल्लक राहिली होती.

घर दोन खोल्यांचं. मामी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो. त्याने शेजारून माझ्यासाठी खुर्ची आणली. मामींनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुमीच व्हय त्या कम्प्युटरवाल्या ताई?"

"हो."

"ह्ये लई सांगायचे तुमचं. पोरगी हुशार हाय म्हनायचे. तिला समदं ठावं हाय, येक दिवस बोलंल म्हनायचे."

मी पर्स उघडली आणि चिठ्ठी मुलाच्या हातात दिली. तो उभ्यानेच वाचायला लागला. सावकाश वाचत होता, ओठ हलत होते. शेवटपर्यंत गेला, सही बघितली, आणि मग त्याची नजर परत वर गेली, उजव्या कोपऱ्यात.

"ह्यी आन्ना गेल्यावर लिवली का?" वडिलांना तो आन्ना म्हणत होता.

"नाही."

"कंपनीतनं काढलं त्या म्हैन्यातली हाय की ह्यी."

"हो."

"आनि इतकं दिस हुती कुटं?"

"ड्रॉवरमध्ये," मी म्हटलं.

त्याने मला काहीही म्हणायला हवं होतं. मी त्यासाठीच आले होते बहुतेक. हाताला धरून बाहेर काढलं असतं तरी मी गेले असते. त्याने चिठ्ठी उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"काय लिवलंय रं त्यात?" मामी म्हणाल्या. "मोट्यानं वाच की."

मुलाने कागदाची घडी घातली, जुन्या घडीवरच. आईकडे न बघता त्याने तो कागद माझ्यापुढे धरला.

"काय न्हाय, आई. कंपनीतला जुना कागद हाय," तो म्हणाला. "आता लागत न्हाय."

मी हात पुढे केला आणि तो घेतला.